बारापैकी नववा भाग

मी नववा भाग बोलतोय. आम्ही बारा भाऊ होतो, आता मी एकटाच उरलोय. बारा जणांची मिळून सिनेमाच्या पडद्यावरची एकच गोष्ट होती. पंधरा वर्षांचा जेब नावाचा पोरगा सरहद्दीवरच्या वस्त्यांना घोड्यावरून टपाल पोचवायचा. दर शनिवारी दुपारी एक भाग लागायचा. प्रत्येक भागाच्या शेवटी जेब मरणाच्या दारात, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा ठणठणीत.

माझ्या वाट्याला नदी आली. बर्फ वितळून फुगलेल्या पाण्यात जेब घोडी घालतो आणि औषधांची थैली दातात धरून पलीकडे जातो. पडद्यावर नाव लेस्टर प्रुइट या नटाचं. लेस्टर दिसायला गोड, पण घोड्यावर बसायला घाबरायचा. नदीत उतरली ती वायोमिंगमधल्या एका गुरं पाळणाऱ्याची एकोणीस वर्षांची मुलगी, व्हर्ना हॅस्केट. अंगावर जेबचे कपडे, घोडी घरची. मधोमध टोपीखालून तिची वेणी सुटली. दिग्दर्शक वैतागला, पण पाणी इतकं गार होतं की घोडी परत उतरेना. वेणी माझ्यात राहून गेली.

पुढच्या वसंतात मी व्हर्नाच्याच गावात, ऑस्कर नायगार्डच्या थिएटरात लागलो. वेणी डोळ्याचं पातं लवेपर्यंत दिसायची, कोणाच्या लक्षात येणार? व्हर्नानं शेजारच्या खुर्चीतल्या बाईला सांगितलं, नदीतली ती मीच. सगळा हॉल हसला. त्यानंतर पोस्टातल्या टकरबाई तिला विचारायच्या, "काय गं, आज पत्र टाकायला नदी ओलांडून आलीस का?" आधी तीही हसायची. मग तिनं तो विषयच सोडला.

ऑस्करला मात्र खरं माहीत होतं. मी एका जागी फाटलो होतो. मला चिकटवताना त्यानं एकेक चित्र उजेडासमोर धरलं, तेव्हा वेणी दिसली. पण पुढच्याच आठवड्यात लेस्टर स्वतः गावात यायचा होता, भिंतींवर त्याच्या जाहिराती लागल्या होत्या. ऑस्कर गप्प बसला. एकदा गप्प बसलं की नंतर बोलणं दर वर्षी जड होत जातं. मला त्यानं परत पाठवलं नाही, वाटेत हरवला म्हणून सिनेमा कंपनीला कळवलं. कंपनी बुडाली, माझे भाऊ कचऱ्यात गेले. मी त्याच्या फडताळात एक्केचाळीस वर्षं काढली.

थिएटरच्या जागी टायरचं दुकान आलं. ऑस्करची बायको गेली. एका रविवारी दुपारी त्यानं मला आणि सिनेमा दाखवायचं जुनं यंत्र गाडीत घातलं आणि व्हर्नाचं दार वाजवलं. साठीची व्हर्ना काठी टेकत आली. मागे तिची मुलगी आर्लीन ॲपल पाय कापत होती.

टोपी हातात घेऊन ऑस्कर म्हणाला, "व्हर्ना, ती तूच होतीस हे मला तेव्हाच कळलं होतं. मी बोललो नाही."

"एक्केचाळीस वर्षं, नायगार्ड," ती म्हणाली. "एवढं लांब आहे का हो माझं घर?"

मग तिनंच आर्लीनला पडदा म्हणून चादर टांगायला सांगितली.

वेणी दिसली तशी आर्लीननं आईचा खांदा घट्ट धरला. आईच्या या गोष्टीवर तीही लहानपणी हसली होती. पण व्हर्नाचं वेणीकडे लक्षच नव्हतं. ती चादरीजवळ गेली आणि घोडीच्या ओल्या मानेवर तळहात ठेवला.

"डॉली," ती म्हणाली. "त्याच वर्षी हिवाळ्यात गेली. मला वाटायचं, हिचा चेहरा मी विसरले."

त्या दुपारी मी चार वेळा चाललो. यंत्राच्या दात्यांनी माझ्या कडेची भोकं फाटत गेली, पण मला थांबावंसं वाटलं नाही.

व्हर्ना आणि ऑस्कर दोघंही आता नाहीत. मी गावच्या वाचनालयाच्या तळघरात आहे. आक्रसलोय, अंगाला आंबूस वास येतो, कुठलंच यंत्र मला घेत नाही. डब्यावर आर्लीननं चिठ्ठी चिकटवली आहे: 'नदी ओलांडताना व्हर्ना हॅस्केट आणि डॉली.'

मला टाकायची वेळ आली तर खुशाल टाका. फक्त ती चिठ्ठी आधी जपून काढा, आणि कोणीतरी एकदा मोठ्यानं वाचा.