साबणावरचा हंस आणि माझा सूड

मित्रांनो, मी साबणाच्या वड्यांवर हंस उमटवणारा एक जुना पितळी ठसा आहे. हा हंस म्हणजे आमच्या नामांकित कंपनीचं बोधचिन्ह. ज्या कारागिराने मला कोरलं, त्याने माझे सगळे कोपरे गोल ठेवले, म्हणजे मऊ साबणातून मी अलगद सुटावं. हंसाची मानही त्याने मुद्दाम जाड केली. एकतीस वर्षं मी राबलो. वडी झिजून पानासारखी पातळ झाली, तरी माझा हंस दिसायचा. लोक कौतुक करायचे.

मग कंपनीत नवे साहेब आले. मला हातात धरून म्हणाले, "हा हंस आहे की गालगुंड झालेलं बदक?" सगळे खो खो हसले. हसल्या नाहीत त्या फक्त तपासनीस बाई. त्या त्याच कारागिराची मुलगी. साहेबांनी केसासारख्या बारीक रेषांचा नवा हंस रेखाटून घेतला, त्याचा ठसा बनवला आणि मला सोमवारी वितळवायचं ठरवलं. तेव्हापासून माझी एकच इच्छा होती. या माणसाची फजिती बघायची!

नवं चिन्ह पारखायला कंपनीच्या मालकीणबाईंनी बैठक बोलावली. भिंतभर पडद्यावर नवा हंस झळकला. "वा, काय देखणा!" सगळे म्हणाले. साबणावर तो कुणीच पाहिला नव्हता.

तपासनीस बाईंनी आम्हा दोन्ही ठशांना टेबलावर ठेवून आमची एकेक वडी पुढे केली. "साहेब, जरा हात धुऊन बघता?"

"मी? आत्ता?"

"आपण साबणच विकतो ना? पडदा नाही."

मालकीणबाईंनी मान डोलावली. साहेब बेसिनपाशी गेले, दोन्ही वड्या आळीपाळीने चोळू लागले. बाई मोजत होत्या. अकराव्या वेळी नवा हंस गायब!

चाळिसाव्या वेळी साहेब कुरकुरले, "पुरे आता, बोटं सुरकुतली माझी."

"बदक आहे का अजून, तेवढं सांगा."

"...आहे."

मालकीणबाईंनी तिथेच निर्णय दिला, वडीवर जुनाच हंस राहील. मी वाचलो. पण साहेबांचे लालबुंद कान बघून जो आनंद झाला, तो वाचल्याचाही झाला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूला नावं ठेवण्याआधी ती वापरून बघा. तिच्या खाचा मऊ ब्रशने साफ करत जा. नवा ठसा आता माझ्यासमोरच भंगाराच्या डब्यात पडलाय. त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, हे मला कळतं. तरी त्याला वाचवा, अशी विनंती मी करणार नाही.