उसवलेली पिलं

"ही पिलं उसवा, बाई," फादर म्हणाले, आणि कस्तुराक्कानं सुई टाचण्यांच्या गादीत अशी खुपसली की मीच दचकले.

चर्चच्या शिवणखोलीत आम्ही दोघी हिंदू बायका. अठ्ठावन्न साली मे महिन्यातल्या सणासाठी मिरवणुकीचा रेशमी ध्वज कस्तुराक्काकडे भरतकामाला आला. त्यावर पॅरिशचं, म्हणजे त्या चर्चच्या मंडळींचं, बोधचिन्ह भरायचं होतं. आमच्या फादरांनी, ते मूळचे मंगळूरचे, एकेक खूण समजावून दिली होती. जहाजाचा नांगर म्हणजे आशा. किल्ल्या स्वर्गाच्या दाराच्या. मधोमध मोठा पक्षी, चोचीनं स्वतःची छाती फोडून पिलांना रक्त पाजणारा. तो म्हणजे त्यांचा येशू.

पक्षी तिनं देखणा भरला. पिलं मात्र तिन्ही आईकडे पाठ करून बसवली. पोटं टम्म, चोची मिटलेल्या.

आदल्याच रविवारी मल्लेश्वरमला तिच्या धाकट्या भावाची, पद्माकरची, सुपारी फुटली होती. आईबापाविना पोर. सोळा वर्षं शिवणावर डोळे फोडून तिनं त्याला इंजिनियर केलं. मुलीकडच्यांनी विचारलं, या कोण? तर हा म्हणाला, "आमच्याकडे शिवणाला येतात." मी तिथंच होते. ताटातला लाडू त्याच्या थोबाडावर मारायला हवा होता. मारला नाही, याची चीड मला आजही येते.

"पिलं रक्त पिऊन जगतात," फादर म्हणाले. "त्यांची तोंडं आईकडे पाहिजेत."

"आणि पोट भरल्यावर?" कस्तुराक्का कडाडली. "पुढचं तुमच्या चित्रात नाही. मी बघितलंय. ओळख देत नाहीत मेली!"

"ते त्यालाही ठाऊक होतं, बाई. तरी त्यानं छाती फोडली."

"मग वेडाच म्हणायचा तुमचा येशू!"

मला वाटलं, गेली आमची नोकरी. "त्याच्या घरचेसुद्धा तेच म्हणायचे," फादर म्हणाले आणि निघून गेले.

तिनं कात्री घेतली. एकेक टाका उसवताना ती पद्माकरला शिव्या घालत होती आणि रडत होती.

चार दिवसांनी पद्माकरच साडी घेऊन शिवणखोलीच्या दारात उभा.

"अक्का, लग्नाला चल की. स्वल्प चुकलं माझं."

"स्वल्प?" मी ओरडले. "लाज नाही वाटत?"

"प्रेमा, लाल दोरा दे," कस्तुराक्का म्हणाली. मग मान वर न करता त्याला म्हणाली, "शिवणाला येणाऱ्या बाईचं लग्नात काय काम? सुखानं संसार कर. साडी घेऊन जा."

तो साडी घेऊन मागे फिरला. तिनं एका पिलाची चोच पुरी केली आणि दुसरीला हात घातला.

लग्न आणि सण एकाच दिवशी आले. मिरवणुकीत ध्वज पुढे होता, पिलं आईकडे तोंड करून, चोची उघडून. त्यांच्या मागे रेशमात सुईची जुनी भोकं तशीच होती. कस्तुराक्का ध्वजामागून अनवाणी चालत होती. लग्नघराकडे, मल्लेश्वरमला जाणारी बस शेजारून गेली, तिनं तिकडे पाहिलं नाही.