माळ्यावरून डोंगरावर

मी उजव्या पायाचा बूट बोलतोय. डावाही शेजारीच आहे, पण तो मुळात अबोल. त्यामुळे दोघांचंही मलाच सांगावं लागतं.

आमचा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. जाड चामडं, घोट्याच्या वर येणारी मान आणि खाली खाचांचा रबरी तळ. आम्ही खास डोंगर चढण्यासाठीच बनवलेले. दुकानात लोक आम्हाला उचलून बघायचे, "बापरे, केवढे जड!" म्हणायचे आणि चपला घेऊन जायचे.

आमची मालकीण आली, तिनं पाय घातले, दुकानातल्या दुकानात फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, "हेच." ती कपडे शिवायची. लग्न नुकतंच झालेलं. एका बर्फाच्या डोंगराचं चित्र तिनं शिलाई मशीनसमोर लावलं होतं. "पुढच्या वर्षी जायचंच," असं ती नवऱ्याला सांगायची.

माणसांचं 'पुढच्या वर्षी' किती लांबतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बाळ झालं, मग दुसरं झालं. सासऱ्यांचं आजारपण आलं. आम्ही पलंगाखाली गेलो, तिथून माळ्यावर, एका बंद पडलेल्या पंख्याच्या शेजारी. मुलं मोठी होऊन शिकायला बाहेर पडली, तरी आम्ही तिथेच.

मग एकदा आवराआवरीत एक हात आमच्यावर पडला.

"वहिनी, हे कुणाचे गं?"

"माझे," खालून आवाज आला, आणि मशीन थांबलं.

ती मालकिणीची नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण. घरात सगळे तिला छोटी म्हणतात. वय चाळिशीपलीकडचं, तोंड मात्र मोठं. "गुडघे कुरकुरायच्या आत जाऊन येऊ," ती म्हणाली. "मी येते बरोबर. दादाला मी सांगते. शिकेल तो चहा करायला."

अशी आमची वाट सुरू झाली. पहिल्यांदा दगड पायाखाली आला तेव्हा मला काय वाटलं म्हणून सांगू! ओढे ओलांडले, झाडं मागे पडली, वारा बोचरा झाला. बरोबर दोन वाटाडे होते, एक थोरला, एक धाकटा.

पण माळ्यावरच्या उकाड्यात माझ्या तळाचं चिकटवलेलं सगळं सुटत आलं होतं. एका उतारावर मी सपशेल आ वासला. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. छोटी वाकून म्हणाली, "वहिनी, याला भूक लागलेली दिसतेय."

मालकीण हसली नाही. दगडावर बसली, पिशवीतून दाभण आणि दोरा काढला. थोरल्या वाटाड्यानं चाकूच्या टोकानं भोकं पाडली, तिनं टाके घातले. डाव्यालाही, त्यानं तोंड उघडायच्या आतच, शिवून टाकलं.

त्या टाक्यांवर आम्ही शेवटच्या मुक्कामाला पोहोचलो. दुपार होती. समोर तोच डोंगर. फक्त उद्याची चढण उरली होती. मालकीण कितीतरी वेळ नुसती उभी होती.

तेवढ्यात छोटी तंबूबाहेर आली आणि तिचे पाय वेडेवाकडे पडायला लागले. पायांचं मला कळतं. सकाळपासून तिचं डोकं दुखत होतं आणि तिनं ते लपवलं होतं. ती उलटी करून खाली बसली. बोलणंही जड झालं.

"उंची बाधली. आत्ताच्या आत्ता खाली न्यायला हवं," थोरला वाटाड्या म्हणाला. "धाकटा नेईल यांना. ताई, तुम्ही उद्या माझ्याबरोबर वर चला."

"जा तू," छोटी पुटपुटली. "इतकी वर्षं... माझ्यासाठी नको थांबूस."

मालकिणीनं एकदा वर पाहिलं. माझ्या आत तिची बोटं घट्ट आवळली गेली. मग ती खाली बसली आणि उतारासाठी माझी नाडी कसून बांधली.

"डोंगर काही पळून जात नाही. आणि नणंद मला एकच आहे. ऊठ, टेक माझ्यावर."

त्या उतारावर माझ्यावर दोघींचा भार होता. टाके करकरत होते. मी मनातल्या मनात म्हणत होतो, आज सुटायचं नाही. आज काही झालं तरी सुटायचं नाही.

खालच्या मुक्कामावर पोहोचल्यावर थोड्या वेळानं छोटीनं डोळे नीट उघडले. "वहिनी, खायला आहे का काही?" मालकिणीचा जीव भांड्यात पडला. मला पायातून काढता काढता ती रडली, आणि रडता रडता म्हणाली, "गाढव आहेस तू. दुखत होतं तर सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू तिथूनच फिरली असतीस."

"मग काय, शेवटी फिरलेच ना!"

दोघी हसल्या.

आता आम्हाला चांभारानं नवे तळ बसवलेत. दाराजवळच्या मांडणीवर आमच्या शेजारी छोटीचे नवेकोरे, ताठ बूट असतात. या खेपेला जास्त मुक्काम, हळूहळू चढायचं आणि दुखलं तर लगेच सांगायचं, असं ठरलंय. सध्या रोज सकाळी दोघी पाठीवर ओझं घेऊन गावाबाहेरची टेकडी चढतात.

तुमच्याही माळ्यावर कुणी असेल, तर त्याला खाली काढा. तळ तपासून घ्या, पण काढा. आम्हाला झिजण्याची भीती वाटत नाही. न झिजता विरून जाण्याची वाटते.

कालच ते नवे बूट मला विचारत होते, "दादा, अगदी वर काय असतं हो?"

मी म्हटलं, "मला तरी कुठे ठाऊक? बरोबरच बघू."