श्वास सोडायची विद्या

नेवाशापासून राहुरीपर्यंत बऱ्याच विहीरवाल्यांच्या मोबाईलमध्ये इसहाक भिंगारदिवेचा नंबर ‘इसहाक पाणबुड्या’ या नावानं होता. विहिरीत मोटर पडली की त्याला फोन. माणूस पडलं तरी त्यालाच. मोठा दगड छातीशी कवटाळायचा, श्वास भरून तोंड घट्ट मिटायचं, तळ गाठायचा. काम झालं की दगड सोडून वर. तीस वर्षं हीच विद्या. आता तो चोपन्नचा होता आणि गेल्या वर्षापासून तळाला हात लागायच्या आतच छाती बोंब मारायला लागली होती. दोनदा रिकाम्या हातानं वर यावं लागलं. दुसऱ्या वेळी तर माणूसच खाली राहिलं, आणि काठावर बसलेल्या त्याच्या घरच्या बाईनं इसहाककडे नुसतं पाहिलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून तो भाचीकडं सिलिंडर लावून बुडी मारायला शिकायला आला. लिडिया मालवणला सहा वर्षं पर्यटकांना पाण्याखाली नेऊन मासे दाखवून नगरला परतली होती आणि बुडालेल्यांना बाहेर काढणाऱ्या स्वयंसेवकांचं पथक उभं करत होती. तिनं कागदावर सही केली तर माणूस पाण्यात, नाहीतर काठावर.

सावेडीच्या पोहण्याच्या तलावातले धडे चार दिवसांत झाले. पाचव्या दिवशी परीक्षा, शहराबाहेरच्या जुन्या दगडखाणीत. चाळीस फूट पाणी. इसहाकबरोबर फराज होता, एमआयडीसीतला वेल्डर. त्याला नीट पोहता यायला लागून दोनच वर्षं झाली होती, त्यामुळं लिडिया सांगेल ते तो अक्षरशः ऐकायचा.

“अंगातल्या जॅकेटमधली हवा काढलेली, साधा श्वास, तर पाणी डोळ्यांपाशी राहिलं पाहिजे,” कमरेच्या पट्ट्यात शिशाचे ठोकळे ओवत लिडिया म्हणाली. “श्वास सोडला की आपोआप खाली. तेवढंच शिसं लावायचं.”

“एवढ्याशा शिशानं चिमणी तरी बुडंल का?” इसहाक म्हणाला.

“चिमणीला लावायचं नाहीये, मामा. आणि शेवटचं. वर येताना श्वास धरायचा नाही. काही झालं तरी नाही.”

“आगं, हे लई येळा सांगून झालं.”

“तुम्हाला लई वेळा सांगावं लागतं.”

फराज हसला आणि लगेच आपला पट्टा तपासून घेण्यासाठी वळला. लिडिया त्याच्या पाठीशी वाकली तेवढ्यात इसहाकनं दोन जादा ठोकळे जॅकेटच्या खिशात टाकले. चार किलो. त्याच्या हिशेबी ही फसवणूक नव्हती. विहिरीत कुणी दगडाशिवाय उतरतं का?

तो खाली गेला तो विहिरीत जावा तसाच, सरळ. तळाच्या गाळात गुडघे रुतले आणि चहूकडं दुधाळ अंधार झाला. तळ लागला म्हणून क्षणभर त्याला बरं वाटलं. मग उठता येईना. त्यानं जॅकेटमध्ये हवा भरली. काही हललं नाही. आणखी भरली. मग गाळानं एकदम गुडघे सोडले.

खालची हवा वर येताना फुगते, हे सावेडीच्या तलावाकाठी फळ्यावर काढून झालं होतं. चाळीस फुटांवरचं एक माप वर येईस्तोवर दोनाहून जास्त. जॅकेट फुगलं की वेग वाढतो, वेग वाढला की जॅकेट आणखी फुगतं. छातीतल्या हवेचंही तेच. ती बाहेर सोडली तर ठीक. धरून ठेवली तर फुप्फुस फाटतं. इसहाकला हे सगळं पाठ होतं. त्याच्या ओठांना नव्हतं. पाणी वेगानं खाली जाताना दिसलं आणि तीस वर्षांच्या सवयीनं त्यानं तोंड गच्च मिटलं.

त्याच्या नळीतून बुडबुडे येत नाहीत, हे मागोमाग उतरणाऱ्या लिडियानं पाहिलं. वीस फुटांवर तिनं त्याचा पाय धरला. तर तो तिलाही वर ओढायला लागला. दुसऱ्या हातानं तिनं त्याच्या जॅकेटची मागची दोरी ओढून हवा सोडली आणि पोटावर तळवा दाबला, जोरात. बुडबुड्यांचा एक मोठा लोट निघाला. मग पंधरा फुटांवर, वर येताना थांबायचं असतं तिथं, तिनं त्याला तीन मिनिटं धरून ठेवलं. काचेमागून दोघं एकमेकांकडं बघत राहिले. बोलायची सोय नव्हती, तेच बरं.

काठावर तिनं आधी पांढरा रुमाल पुढं केला. “थुंका.”

थुंकीत रक्त नव्हतं.

“छातीत दुखतंय? हातापायाला मुंग्या?”

“न्हाई.”

मग तिनं त्याच्या जॅकेटच्या खिशात हात घालून ठोकळे काढले आणि दगडावर ठेवले. बराच वेळ ती पट्ट्याची बक्कलं उगाच उघडत-लावत राहिली.

“सही न्हाई ना?” इसहाकनं विचारलं.

“नाही. आईला काय सांगितलं असतं मी?”

“तुजी आई मलाच शिव्या देती आसती.”

“खायला तुम्ही उरला असतात तर.”

फराजला सही मिळाली. त्याला इतका संकोच वाटला की तो कागद घडी न करताच हातात धरून उभा राहिला.

लिडियानं डॉक्टरला छाती दाखवायला लावली, आठवडाभर पाणी बंद ठेवलं आणि मग मामाला अभ्यास दिला. सावेडीच्या तलावात आठ फुटांवरून, नळी तोंडात ठेवून गुणगुणत वर यायचं. गुणगुणणाऱ्याला श्वास धरता येत नाही. इसहाक चर्चमध्ये खालच्या पट्टीत गायचा. पहिल्या दिवशी दर तिसऱ्या खेपेला त्याचा सूर मध्येच बंद पडायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी सलग सहा खेपा जमल्या, आणि तो सातव्या खेपेला निघणार तेवढ्यात काठावर त्याचा मोबाईल वाजला. फराजनं आणून दिला.

नेवाशाकडच्या वस्तीवर म्हातारा विहिरीत पडला होता. काल संध्याकाळपासून. पलीकडचा माणूस रडत नव्हता, भरभर बोलत होता.

इसहाकनं लिडियाकडं पाहिलं.

“व्हय, निगतोय,” तो म्हणाला. “तिगं येतोय. पान्यात माजी भाची उतरंल.”

“पोरगी?” आवाज फोनबाहेर ऐकू आला. “आन तुमी?”

“मी वर. दोर धरतो.”

“का वो? म्हातारं झालात काय?”

“व्हय,” इसहाक म्हणाला, आणि विहिरीला पाणी किती परस खोल आहे ते विचारलं.