पोत्यातली नऊ जेवणं

निल्दाने झाकण काढून चमच्याने एक चुन्यो दाबून पाहिला. दबला नाही. पाण्याला उकळी फुटून तास होत आला होता, सिलिंडर शेवटच्या घटका मोजत होता, आणि पातेल्यात ते काळे, वाळके बटाटे अजून खडखडत होते.

"शिजतायत," कुणी विचारलं नव्हतं तरी ती म्हणाली.

मागे बाकड्यावर तिची सासू सेफेरिना बसली होती. घेरदार झगा, पाठीवर दोन वेण्या, हात मांडीवर. थंडीत गोठवून, पायांनी तुडवून, उन्हात सुकवलेला हा बटाटा आदल्या दिवशीच पाण्यात घालावा लागतो. मग पाणी बदलायचं, एकेक मुठीत दाबून त्यातला कडवटपणा काढायचा. म्हातारी हे आदल्याच दिवशी सांगायला आली होती, पण निल्दाने तिला तोंड उघडू दिलं नाही. बटाटा तो बटाटा, त्यात कसली आलीय विद्या, असं ऐकवून ती मोकळी झाली होती.

ही निल्दा नोटरीच्या कचेरीत कागदांवर शिक्के मारायची. तोरा मात्र असा, की सगळं ला पाझ शहर हिच्याच सहीने चालतंय. गावातलं घर पडलं म्हणून सासू इकडे आली, तेव्हा तिच्यासोबत एक पोतं आलं. चुन्यो, मक्याचं पीठ, किनवा, वाळवलेल्या शेंगांचे दाणे, लामा या जनावराचं खारवून सुकवलेलं मांस. निल्दाने नाकाला रुमाल लावून ते जिन्याखाली ढकललं. घरात ओझं येऊन पडलंय, असं ती गल्लीभर सांगत फिरली. ओझं म्हणजे पोतं की म्हातारी, ते तेवढं कधी सांगितलं नाही. दोन्हींची रवानगी ओरुरोला, धाकट्या मुलाकडे करायचं ठरलं. तो धाकटा खाणीत कामाला, एका खोलीत बायको आणि चार मुलं घेऊन राहणारा. म्हातारीने तिथे अंथरूण कुठे घालायचं, हा विचार निल्दाला शिवलासुद्धा नाही. शुक्रवारच्या बसचं तिकीट काढून झालं होतं.

गुरुवारी आंदोलक शेतकऱ्यांनी शहराच्या चहूबाजूंच्या रस्त्यांवर दगड टाकले. बस बंद, भाजी बंद, कोंबडी बंद, गॅसची गाडी बंद. तुमच्याच गावची माणसं बसलीत रस्त्यावर, असं निल्दाने सासूला सुनावलं. जणू म्हातारीनेच दगड वाहून नेले होते. तीन दिवसांत फ्रिज रिकामा झाला आणि रविवारी नाक मुरडत ते पोतं बाहेर काढावं लागलं.

त्या संध्याकाळी ताटं वाढली गेली. थोरल्या मुलीने एक घास घेतला आणि हळूच हातात काढला.

"कडू आहे," धाकटी म्हणाली.

"मालच खराब आहे," निल्दा म्हणाली.

तिचा नवरा फ्रेडी मान खाली घालून चावत राहिला. आई आणि बायको यांच्यामध्ये बसून गिळणं, एवढीच त्या माणसाची कर्तबगारी.

सेफेरिना उठली. तिने सगळ्यांच्या ताटांतले चुन्यो वेचले, चिरून गार पाण्यात टाकले. दुसऱ्या दिवशी दोनदा पाणी बदललं, एकेक तुकडा मुठीत पिळला. वाळक्या मांसाचा बोटभर तुकडा कुटून त्याचे धागे काढले, कोपऱ्यात पडलेलं एक गाजर किसलं, मूठभर दाणे घातले आणि चायरो नावाचं दाट सूप केलं. पातेलं एक उकळी येताच उतरवून घोंगडीत गुंडाळून ठेवलं, म्हणजे गॅस वाचला आणि आत सगळं शिजलं. मुलींनी वाट्या चाटून पुसून ठेवल्या.

पुढे रोज तेच. जेवण झालं की म्हातारी उद्याचं टेबलावर मांडायची. उद्या काय आहे ते आज भिजलं पाहिजे, एवढंच तिचं शास्त्र. एक दिवस मक्याच्या पिठाची दाट पेज, एक दिवस शिळा पाव तव्यावर कडक करून शेंगांच्या सूपमध्ये, एक दिवस उरलेल्या किनव्याच्या वड्या. काही फुकट गेलं नाही, आणि कुणी उपाशी झोपलं नाही. निल्दा दारात उभी राहून पाहायची, पण चमचा हातात घ्यायची नाही. दुसऱ्यांदा वाढून मात्र घ्यायची. फोनवर बहिणीला सांगायची, आम्ही सध्या साधं, पारंपरिक जेवतोय, तब्येतीला चांगलं असतं. लाज नावाची चीज त्या बाईच्या शिक्क्यांत कुठेच नव्हती.

नऊ जेवणं अशी झाली. दहाव्या दिवशी दुपारी दगड हटले. संध्याकाळपर्यंत निल्दा दोन कोंबड्या, भरलेला सिलिंडर आणि नवीन हिशेब घेऊन घरी आली. रस्ते आज उघडले, उद्या पुन्हा बंद होणार नाहीत कशावरून? तेव्हा कोण भिजवणार आणि कोण पिळणार? तिने कोंबडी तळली. सगळ्यात मोठी तंगडी सासूच्या ताटात वाढली, आणि आवाजात जितकी साखर घालता येईल तितकी घातली.

"आई, राहा ना इथेच. मुलींना तुमच्या हातची सवय झालीय."

सेफेरिनाने टेबलाकडे पाहिलं. मुली हाडं चोखत होत्या, बोटं तेलाने चमकत होती. तिने दुपारीच करून ठेवलेलं सूप मधोमध होतं, त्यात कुणी पळी घातली नव्हती. तिने तंगडी उचलून धाकटीच्या ताटात ठेवली आणि स्वतःच्या वाटीत सूप घेतलं.

"सवय कसली, बाई," ती म्हणाली. "भूक होती."

निल्दाचा चेहरा उतरला. सेफेरिना दोन घोट सूप प्यायली आणि मुलाकडे वळली. तो काहीतरी म्हणेल म्हणून थांबली. फ्रेडी पाव मोडत होता.

"ओरुरोची बस कधी असते रे?" शेवटी तिनेच विचारलं.

"सकाळी साडेसहाला," तो लगेच म्हणाला. "दोन नंबरच्या फलाटावरून."

बसगाड्या सुरू होऊन जेमतेम चार तास झाले होते.