चिंचेखालची जागा

कुरळगावच्या बाजारात चार जुन्या चिंचा होत्या. पावसाळ्यात त्यांच्यावर गायबगळे, रातबगळे आणि पाणकावळे घरटी करायचे, इतकी की लांबून बघणाऱ्याला झाडांना पांढरा मोहर आल्यासारखं वाटायचं. अमरावतीहून माया तायडे आपल्या पक्षीमित्रांना घेऊन रविवारी सकाळी ती बघायला यायची. माया सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. सहा दिवस वॉर्डात काढल्यावर चार तास मान वर करून उभं राहणं हीच तिची विश्रांती.

गटाची गाडी कुंदन चालवायचा. तो कुरळगावचाच. पहिल्या पावसाळ्यात तो गाडीतच झोपून राहायचा. मग एकदा मायानं त्याच्या हातात दुर्बीण दिली आणि घरट्यात तोंड उघडून बसलेली पिल्लं दाखवली. त्यानंतर तो सगळ्यांच्या आधी गाडीतून उतरायला लागला.

त्याची आई, मनकर्णाबाई, मधल्या चिंचेखाली भाजी विकायची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिची जागा तीच. आधी बगळे थोडे होते. मग तळ्याकाठच्या बाभळी गेल्या आणि सगळे पक्षी बाजारात आले. वरून शीट पडायची, अर्धवट खाल्लेले मासे पडायचे, कधी मेलेलं पिल्लू थेट मेथीच्या जुडीवर. गिऱ्हाईक नाक दाबून पुढं जायचं.

जुलैत बाजारवाल्यांनी ग्रामपंचायतीत ओरड केली. झाडं पाडा, नाहीतर आम्हाला दुसरीकडं जागा द्या. मायाही त्या बैठकीला गेली होती.

"दिवाळीपर्यंत थांबा," ती म्हणाली. "तोवर पिल्लं उडून जातील. तुमच्या दुकानांवर आम्ही हिरवी जाळी लावून देतो, संत्र्याच्या नर्सरीवर असते तशी. खाली काही पडणार नाही."

"कधी लावान?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"पुढच्या रविवारी, मावशी."

"मंग ठीक हाय. त्यायलेबी लेकरं हायेत, आपल्यालेबी हायेत."

तिच्या या बोलण्यावर बैठक संपली. सरपंचांनी दिवाळीपर्यंत थांबायचं कबूल केलं.

पुढच्या रविवारी पाऊस होता. त्याच्या पुढच्या रविवारी गट छत्री तलावावर गेला, कारण तिथं कमळपक्षी दिसल्याचा फोटो कुणीतरी टाकला होता. जाळी विकत आणली होती, ती एका सदस्याच्या गॅरेजमध्ये पडून होती. बांबू कोण आणणार, यावर मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये पुष्कळ बोलणं झालं. मग फोटोंच्या प्रदर्शनाची तयारी निघाली आणि ते बोलणं वर सरकत दिसेनासं झालं. कुंदननं दोनदा आठवण केली. मायानं दोन्ही वेळा "या रविवारी नक्की" असं लिहिलं.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, मनकर्णाबाई तराजू घ्यायला उठली आणि ओल्या शिटेवरून घसरली. खुबा मोडला.

तिला अमरावतीला आणलं ते मायाच्याच वॉर्डात. साखर फार वाढलेली होती, म्हणून ऑपरेशन लांबलं. मायानं तिची चादर बदलली, पायाला बांधलेलं वजन नीट केलं. मनकर्णाबाई छताकडं पाहत होती.

"मावशी, फार दुखून राहिलं का?"

"दुखते न." मग राग न आणता, "तुमी जाळी लावनार होत्या न, बाई?"

मायानं चादरीची कड खोचली आणि ती निघाली. वॉर्डाबाहेर बाकावर कुंदन बसला होता. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि मान फिरवली. असा मोडलेला खुबा या वयात, या साखरेत काय करतो, हे मायाला ठाऊक होतं. तिनं ते त्याला सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी त्याचा फोन आला. मागं झाडं कापायच्या मशीनची घरघर ऐकू येत होती.

"मायाताई, सरपंचानं हो म्हटलं, झाडं पाडून राहिलो आमी. तुमी या अन् पिल्लं उचला."

"कुंदन, थांबव ते! आत्ता थांबव. मी येते, आपण बोलू—"

"बोलनं झालं, ताई. तुमी या."

ती ललितला घेऊन निघाली. ललित जनावरांचा डॉक्टर, गटातलाच. दोघं पोचले तेव्हा तीन चिंचा आडव्या झाल्या होत्या आणि चौथीच्या बुंध्यात मशीन शिरलं होतं. वर बगळ्यांचा पांढरा गोंधळ फिरत होता. जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती. फांद्यांखाली चिरडलेली पिल्लं, फुटलेली निळसर अंडी, आणि जी जिवंत होती ती माना ताणून ओकत होती. घाबरलं की बगळ्याचं पिल्लू पोटातलं बाहेर टाकतं. साऱ्या बाजारात बेडकांचे तुकडे पडले होते. कुत्री आली होती, घारी उतरत होत्या.

मशीन कुंदनच्या हातात होतं.

माया त्याच्यापाशी गेली. तिला ओरडायचं होतं. त्याचं तोंड भुशानं माखलेलं होतं आणि गालांवरून पाण्याच्या रेघा गेल्या होत्या.

"तू काहून?" एवढंच ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाला देता आलं नसतं?"

"दुसऱ्यानं तुमाले फोन केला नसता," तो म्हणाला. "सरका बाजूले. झाड इकडं पडन."

चौथी चिंच पडली. त्यानं मशीन बंद केलं आणि तोही वाकून पिल्लं उचलायला लागला. भाजीच्या रिकाम्या क्रेटमध्ये पोती अंथरून तिघांनी संध्याकाळपर्यंत पिल्लं भरली. बाजारातल्या दोन-तीन बाया आल्या, तोंडाला पदर लावून त्यांनीही उचलली. ललित एकेक बघत होता. ज्यांचे पंख मुळापासून मोडले होते त्यांना तो वेगळं काढायचा, आणि इंजेक्शन द्यायच्या आधी मायाकडं पाठ फिरवायचा, म्हणजे तिला दिसू नये. ती सिस्टर आहे हे त्या वेळी तो विसरला होता.

ललितच्या गोठ्यात पिल्लं ठेवली. गटातले सगळे धावून आले. मासे आणले, पाळ्या लावल्या. जाळीचं कुणी काही बोललं नाही, पण ती आता गॅरेजमधून निघाली आणि गोठ्याच्या दारांना लागली. पहिल्या आठवड्यात बहुतेक पिल्लं मेली. काही जगली. ती तलावावर सोडली तेव्हा गटानं फोटो काढले आणि ते वर्तमानपत्रात छापून आले.

मनकर्णाबाईचं ऑपरेशन झालंच नाही. पडून पडून तिच्या छातीत कफ साचला. ती गेली तेव्हा माया ड्यूटीवर होती. डोळे तिनंच मिटवले. मग बाहेर बाकापाशी गेली. कुंदन उभा राहिला आणि तिच्या चेहऱ्याकडं बघून परत खाली बसला. माया त्याच्या शेजारी बसली. कागदपत्रं होईपर्यंत दोघं तसेच बसून राहिले.

गटानं कुरळगावला जाणं सोडलं. तिथं आता पाहायचं काय? रविवारसाठी दुसरी गाडी ठरली. माया काही महिने गटाबरोबर गेली, मग तिची ड्यूटी रविवारी लागायला लागली. ती तिनं बदलून घेतली नाही.

पुढच्या आषाढात एका मंगळवारी ती एकटीच एसटीनं कुरळगावला गेली. बाजारावर पंचायतीनं पत्रे टाकले होते. खाली फरशी होती, स्वच्छ. कुंदन आईच्या जागी वांगी आणि भेंडी मांडून बसला होता. तिला पाहून त्यानं पोतं झटकून पुढं सरकवलं.

"बसा, ताई."

ती बसली. पत्र्याखाली उकाडा मरणाचा होता. समोर जिथं चौथी चिंच होती, तिथल्या मोकळ्या जागेत दहा-बारा गायबगळे चालत होते, विणीच्या केशरी रंगात. एकानं चोचीत काडी धरली होती. तो ती घेऊन थोडा उडायचा, पत्र्यावर टेकायचा, घसरायचा आणि पुन्हा खाली यायचा.

"जेठापासून येऊन राहिले," कुंदन म्हणाला. "रोज येतात. काडी घेऊन फिरतात अन् संध्याकाळी जातात."

"कुठं?"

"मले नाई मालूम."

एक गिऱ्हाईक आलं. त्यानं भेंडी तोलून दिली. बगळ्यानं काडी टाकली आणि दुसरी उचलली.