किलवरची चव्वी

रविवारी दुपारी सव्वाचार वाजता शेजारच्या झुल्मिराबाईंनी कुंपणाच्या भिंतीवरून हाक मारली. इव्हांद्रोने ती ऐकली, पण तो लगेच उठला नाही. पडद्यावर नऊ टेबलं उघडी होती आणि त्यांतल्या चारांवर त्याचीच पाळी होती.

"इव्हांद्रो! बहिरा झालास की काय? तुझी बहीण कधीची तुला फोन करतेय. शेवटी बिचारीने मला केला. तुझ्या बाबांची शुद्ध गेलीये!"

फोन स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, आवाज बंद करून ठेवलेला होता. रविवारी त्याची जागा तीच. आठवड्यातल्या सगळ्या मोठ्या स्पर्धा रविवारी असतात आणि ऑनलाइन पोकरवर पोट असलेला माणूस त्या दिवशी बारशाला जात नाही, लग्नाला जात नाही, आजारीही पडत नाही. दिव्हिनोपोलिस गावातल्या त्या गल्लीला हे बारा वर्षांत पाठ झालं होतं. काही जण त्याला अजूनही बेकारच समजत. वडील मात्र विचारणाऱ्याला सांगत, "पोरगा कॉम्प्युटरमध्ये आहे," आणि विषय बदलत.

इव्हांद्रो उठला. टेबलं बंद करायचंही त्याला सुचलं नाही. चावी शोधून तो परत खोलीत डोकावला, तेव्हा पडद्यावर त्याच्या नावापुढे 'गैरहजर' असा शब्द आला होता. पत्ते तरीही वाटले जात होते. त्याच्या जागेपुढे दोन पत्ते यायचे, क्षणभर थांबायचे आणि आपोआप टाकून दिले जायचे. संध्याकाळपर्यंत हे असंच चालणार होतं. त्याने दार ओढून घेतलं.

जुरांदिर, त्याचे वडील, बसड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले होते. गुरुवारी बाथरूममध्ये ते कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टरीणबाईंनी दोघा भावंडांना इस्पितळाच्या व्हरांड्यात नेऊन सांगितलं होतं, "पुढचे काही दिवस नाजूक आहेत. बोलायचं असेल ते बोलून घ्या, त्यांना ऐकू येतंय." गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार इव्हांद्रो खाटेजवळच्या खुर्चीत होता. बोलला काहीच नाही. काय बोलायचं ते सुचेना.

त्या रविवारी सकाळी त्याची बहीण रोजांजेला कॉफीचा थर्मास आणि चीजच्या छोट्या पावांचा डबा घेऊन आली. त्याने घड्याळाकडे पाहिलेलं तिने पाहिलं.

"जाणारेस का तू?"

"संघाला कळवलं नाहीये गं. माझे प्रवेशाचे पैसे ते भरतात. ऐन रविवारी असं..."

"त्यांच्या घरी कुणी मरत नाही का?"

"हळू बोल. बाबा ऐकतायत."

ती डबा ठेवायला वळली, तेव्हा जुरांदिरनी त्याच्याकडे पाहिलं आणि डोळा मारला.

त्या घरात डोळा मारणं म्हणजे थट्टा नव्हती. जुरांदिरनी पोराला वाचायला येण्याआधी त्रुको शिकवला होता. त्यांच्या मिनास प्रांतात हा पत्त्यांचा खेळ अंगणात खेळतात, आरडाओरडा करत. दोघांविरुद्ध दोघं, भिडू समोरासमोर. हातात काय आलंय ते भिडूला खुणेने कळवायचं, समोरच्यांच्या नजरेत न येता. भुवया उडवल्या की बदामची सत्ती. डोळा मारला की किलवरची चव्वी, सगळ्यांच्या वरचं पान. भिडूने डोळा मारला की आपण निर्धास्त व्हायचं. आपल्या हातात काहीही नसलं तरी चालतं.

इव्हांद्रो निर्धास्त झाला. भक्कम पान माझ्याकडे आहे, माझी काळजी करू नकोस, जा आणि खेळ, असा त्याने त्याचा अर्थ लावला. वडिलांच्या कपाळावर हात ठेवून तो घरी आला आणि दुपारी एक वाजता खेळायला बसला. त्या दिवशी तो चांगला खेळत होता.

आता इस्पितळात खाट तीच होती, पण जुरांदिर तिथे असून नव्हते. नाकात ऑक्सिजनची नळी, छाती संथ वरखाली.

"कधीपासून?"

"तीनपासून." रोजांजेलाचे डोळे कोरडे होते. "मी किती फोन केले रे तुला?"

"ड्रॉवरमध्ये होता."

"माहितीये मला ड्रॉवर."

खुर्चीत बसत तो म्हणाला, "त्यांनीच मला जा म्हणून सांगितलं. डोळा मारला सकाळी."

"कुठला डोळा?"

"म्हणजे?"

"उजवा डोळा गुरुवारपासून आपोआप मिटतोय त्यांचा. उघडतो, मिटतो. सिस्टर त्यात थेंब घालतेय ना, तुझ्यासमोरच तर घालत होती. डावा धड आहे. कुठला मारला?"

इव्हांद्रोला आठवेना. अमुक महिन्यात कोणत्या खेळाडूने कोणते पत्ते कसे खेळले, हे तो वर्षानंतर सांगू शकायचा. त्यातला एकही खेळाडू त्याने पाहिला नव्हता. कोण किती वेळ थांबला, कधी घाई केली, एवढ्यावर त्याला माणूस कळायचा. यावरून वडिलांशी नेहमी वाद व्हायचा. "तोंड न बघता पत्ते?" ते म्हणायचे. "मग समोरचा थापा मारतोय हे कळतं कसं तुला? समोरची काच झाकून बस चालवण्यातला प्रकार झाला हा." आणि आता एकदाच तोंड वाचायची वेळ आली होती, तर त्याला डोळासुद्धा आठवत नव्हता.

"तू गेल्यावर ते अस्वस्थ होते," रोजांजेला म्हणाली. "डाव्या हाताने चादरीवर सारखं काहीतरी करत होते. असं." तिने बोटांनी काहीतरी सरकवल्यासारखं केलं. तीनदा, मग थोडं बाजूला पुन्हा तीनदा. "मला वाटलं चादर टोचतेय. मी बदलूनही घेतली. तरी तेच."

तिने कधी पत्ते हातात धरले नव्हते. इव्हांद्रोने तिच्या बोटांकडे पाहिलं. त्रुकोत प्रत्येकाला तीन पानं वाटतात. त्याने तिला ते सांगितलं नाही.

मंगळवारी अमारिल्दोकाका आले. जुरांदिर आणि ते एकाच डेपोत ड्रायव्हर होते आणि त्रुकोत जन्माचे भिडू. टोपी काढून ते खाटेपाशी उभे राहिले.

"काय रे लबाडा," ते जुरांदिरना म्हणाले, "हरायला लागलास की झोपेचं सोंग? उठ, पोरं हसतायत." मग ते खिडकीकडे वळले.

इव्हांद्रोने त्यांना कॉफी ओतून दिली. "काका, बाबा डोळा मारायचे, तो कुठला? उजवा की डावा?"

"जो समोरच्यांना दिसणार नाही तो. का रे?"

त्याने रविवारची सकाळ सांगितली. अमारिल्दोंनी कॉफी संपवली, मगच ते बोलले.

"हे बघ, डोळा मारला म्हणजे 'तू जा' असं नसतं. डोळा मारला म्हणजे 'माझ्याकडे पान आहे, आता तू त्रुको म्हणून ओरड'. डाव वाढव म्हणून. भिडू उठून गेला तर पानाचा उपयोग काय?"

इव्हांद्रोने रिकामा कप त्यांच्या हातातून घेतला. त्याचा चेहरा पाहून म्हाताऱ्याला वाईट वाटलं असावं.

"पण तुझ्या बापाचा काही भरवसा नाही," ते घाईने म्हणाले. "हा माणूस हातात काही नसतानाही डोळा मारायचा. मला फसवायचा, मला! म्हणायचा, भिडू घाबरला तर खेळ गेला, त्यापेक्षा त्याला वाटू दे पान आहे म्हणून. कित्येक डाव आम्ही तसे जिंकलो. शेवटी पानं उघडली की मला कळायचं याच्याकडे काहीच नव्हतं. शिव्या घालायचो मी."

"म्हणजे त्यांच्याकडे काही नव्हतं?"

"ते मी कसं सांगू, बाळा? पानं कुठे उघडलीत अजून."

ते टोपी विसरून गेले. इव्हांद्रोने ती खाटेच्या दांडीला अडकवली.

शुक्रवारी संघाचा निरोप आला. तो उठून गेल्यावरही आधी जिंकलेल्या चिपांवर त्याची जागा मोठ्या स्पर्धेत तग धरून राहिली होती आणि शेवटच्या टेबलापर्यंत पोचायला थोडक्यात कमी पडली होती. येत्या रविवारी तो बसणार आहे का, एवढंच त्यांना हवं होतं. त्याने निरोप वाचला. उत्तर दिलं नाही.

शनिवारी संध्याकाळी डॉक्टरीणबाई बराच वेळ खाटेपाशी थांबल्या. जाताना म्हणाल्या की बदल नाही. चांगला नाही आणि वाईटही नाही.

रविवारी सकाळी रोजांजेला डबा घेऊन आली. "मी आहे दिवसभर. तुला जायचं असेल तर जा," ती म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात टोचणी नव्हती.

"नाही."

त्याने खुर्ची खाटेच्या डाव्या बाजूला, उशीच्या अगदी जवळ ओढली. उजव्या डोळ्यावर सिस्टरने ओलसर कापूस ठेवून पट्टी चिकटवली होती. डावा बंद होता. वडिलांचा डावा हात चादरीवर उताणा पडला होता. इव्हांद्रोने फोन रोजांजेलाच्या पिशवीत टाकला, कोपरं गुडघ्यांवर टेकली आणि तो त्या डाव्या डोळ्याकडे पाहत बसला.

दुपारचा एक वाजला, खेळायला बसायची वेळ झाली आणि गेली, तरी डोळा हलला नव्हता.